ह्यात तीळ आहे का

मला तीळ चालत नाही. हे वाक्य मी जितक्यांदा बोलले असेन तितक्यांदा स्वतःचं नावसुद्धा कुणाला सांगितलं नसेल. चालत नाही म्हणजे आवडत नाही, असं लोक धरून चालतात. खरं तर मला तिळाचा वास फार आवडतो. पण तीळ पोटात गेला की माझे ओठ सुजतात, अंगभर पित्ताच्या गांधी उठतात, घसा आतून दाटत जातो आणि श्वास वर येईनासा होतो.

माझं बालपण घाटंजीच्या बाजूचं. घरची कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. लहानपणी संक्रांतीला लाडू खाल्ला की माझं तोंड फुगायचं आणि घरात सगळे म्हणायचे, पोरीला उष्ण पडलं. मग आमसुलाचं पाणी अंगाला चोळायचे, थंड दूध पाजायचे. कधी त्यानं बरं वाटायचं, कधी आपोआपच उतरायचं. पण संक्रांत नसतानाही असं व्हायला लागलं. लग्नातली वांग्याची भाजी खाऊन झालं, शेजारच्या घरची चटणी चाखून झालं, एकदा नुसती चकली खाऊन झालं. कुणी नजर लागली म्हणालं, कुणी जंत म्हणालं.

तीळच आहे, हे माझ्या मायनं शोधून काढलं. दर वेळी मी काय काय खाल्लं होतं ते ती आठवत बसायची, आणि शेवटी तिच्या लक्षात आलं की लाडू, भाजी, चटणी आणि चकली ह्या सगळ्यांत एकच जिन्नस आहे. तिनं मला यवतमाळला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासण्या करून तेच सांगितलं. ह्याला औषध नाही, म्हणाल्या, खायचंच नाही, एक दाणासुद्धा नाही. आणि श्वास लागला तर घरचे उपाय करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठून इंजेक्शन घ्यायचं.

घरी आल्या आल्या मायनं मसाल्याचा डबा रिकामा केला, पाटा घासला, तवा घासला. तेव्हापासून आमच्या घरात तीळ आला नाही. मसाला दळायला ती कांडपाच्या गिरणीवर सकाळी दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहायची, कारण आधी कुणाचा तिळाचा मसाला दळला असेल तर त्याची पूड यंत्रात राहते. गिरणीवाला कुरकुरायचा, रांगेतल्या बाया चिडायच्या. माय एरवी कुणासमोर मान वर करून बोलत नसे. पण तिथे ती टोपली घट्ट धरून म्हणायची, “आधी माह्या मिरच्या. मंग बाकीच्यांच्या.” आणि हलायची नाही.

मी एसटीत कंडक्टर झाले, दिग्रसला लागले, आणि तिथल्याच एका घरी माझं लग्न जमलं. बोलणी चालू असताना मायनं देण्याघेण्याच्या आधी हीच गोष्ट काढली. “हिले तीळ चालत नाही जी. एक दाणा बी नाही.” सगळे हसले. माझे सासरे म्हणाले की तुमच्या पोरीनं तीळ नाही खाल्ला तर आमचा तीळ उरेल, त्यात काय एवढं. माय हसली नाही. तिनं पुन्हा एकदा सांगितलं.

सासरी माझी सासू भित्र्या स्वभावाची, पण ऐकून घेणारी. घरातली खरी सत्ता होती ती सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीची. ती ढाणकीला राहायची. नवरा लवकर गेला, तिनं एकटीनं शेत सांभाळलं, पोरी उजवल्या, भावाच्या घरालाही अडीनडीला हात दिला. तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. तिचा काळा मसाला साऱ्या नात्यात प्रसिद्ध होता. पुण्या-नागपूरला नोकरीला गेलेली पोरं तो डबे भरून न्यायची. कुणाचं पोट दुखलं तर ओवा आणि हिंग, खोकला असला तर लवंग आणि मध, कापलं तर हळद. तिच्या हातच्या ओव्यानं माझंही पोट दुखायचं थांबलं आहे, ते मी नाकारत नाही. पण डब्याच्या एका खणातला ओवा मला बरं करतो आणि शेजारच्या खणातला तीळ मला मारू शकतो, ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, हे तिला कधीच पटलं नाही. अन्नानं माणूस मरत नाही, असं ती म्हणायची. मरतो तो मनातल्या वहमानं.

मी तिच्या मसाल्याला हात लावत नाही, हा तिला अपमान वाटायचा. सासूनं माझ्यासाठी वेगळी भाजी केली की ती मुद्दाम विचारायची, कलेक्टरीणबाईंचं ताट झालं का. मी ऐकून सोडून द्यायचे. दिवसभर गाडीत माणसं काय काय बोलतात, सवय होती.

धाकट्या दिराला मुलगा झाला, तेव्हा नवस फेडायला शेतात रोडग्यांचं जेवण ठेवलं. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वरण आणि मोठ्या कढईत वांग्याची भाजी. भाजी आतेसासूच्या ताब्यात होती. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की सुनेसाठी बाजूच्या गंजात, लहान पातेल्यात, बिनातिळाची भाजी काढली आहे. मला बरं वाटलं. वाटलं, म्हातारी वरून बोलते पण मनात ठेवते. तरी सवयीप्रमाणे मी जवळ जाऊन त्या गंजाकडे बोट दाखवून विचारलं, “आत्याजी, ह्यात तीळ आहे का?”

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “नाही.”

मी पंगतीत बसले. पहिल्याच घासानंतर जिभेच्या टोकाला खाज सुटली. मला लगेच कळलं. मी ताट सारून उठले, पण उठता उठता घसा बसला. नवऱ्याला हाक मारायला गेले तर आवाज निघाला नाही. तो लांब, रोडगे फोडत होता. मी त्याच्यापर्यंत चालत गेले आणि त्याचा हात माझ्या गळ्यावर ठेवला. माझं तोंड बघून तो सगळं समजला. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरा म्हणालं, कुणी तूप आणायला धावलं. नवऱ्यानं कुणाचं ऐकलं नाही, मित्राच्या जीपमध्ये मला घातलं आणि दिग्रसच्या दवाखान्यात आणलं. रस्त्याचं मला फारसं आठवत नाही. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता आणि तो आवाज दुसऱ्याच कुणाचा आहे असं वाटत होतं, एवढं आठवतं.

मांडीत इंजेक्शन दिल्यावर हळूहळू छाती मोकळी झाली. सलाईन लावलं, आणि त्रास पुन्हा उठू शकतो म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. तोवर सगळे दवाखान्यात जमले होते. आतेसासू माझ्या खाटेपाशी आली, पदरानं डोळे पुसले आणि स्वतःहूनच बोलली. “मीच टाकलं चिमूटभर कूट. तुह्या मनातला वहम काढाचा होता. खाऊन झाल्यावर सांगणार होती, का पाह्य, काही झालं नाही. मले काय मालूम असं होईन.”

ती खोटं रडत नव्हती. तिला खरंच वाईट वाटलं होतं. पण त्या रडण्यात एक जागा अशी होती की जणू मीच काहीतरी तिच्यावर उलटवलं आहे. मी तोंड भिंतीकडे वळवलं. बोलायला घसा नव्हता.

घरी आल्यावर दोनचार दिवसांनी समोरच्या खोलीत बैठक बसली. आतेसासू खाटेवर, बाकी सगळे खाली सतरंजीवर. सासऱ्यांनी सुरुवात केली. त्या मोठ्या आहेत, त्यांनी वाईट मनानं केलं नाही, तू त्यांच्याशी बोलत नाहीस म्हणून त्यांनी जेवण टाकलं आहे. तू पाया पड, त्या आशीर्वाद देतील आणि विषय इथेच संपेल.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली होती. ज्या माणसानं जीपमध्ये माझं डोकं मांडीवर धरलं होतं तोच हा, हे मला क्षणभर खरं वाटेना. मी उभी राहिले.

“मामाजी, मी पाया पडणार नाही,” मी म्हणाले. “तीळ चुकून पडला असता तर मी काहीच म्हटलं नसतं. मी विचारलं होतं. त्यांनी नाही सांगितलं. मी त्यांच्या शब्दावर घास घेतला.”

सासू चहा ठेवते म्हणून आत निघून गेली. आतेसासूनं पिशवी उचलली आणि दुपारच्या गाडीनं ढाणकीला गेली. मला त्या दिवसापासून घरात उद्धट म्हणायला लागले. मी म्हटलं, म्हणा. गळा बंद झालेली बाई नम्र दिसते, तेवढ्यासाठी मला पुन्हा गळा बंद करून घ्यायचा नव्हता.

त्यानंतर सासूनं एक गोष्ट केली. कुणाला न सांगता तिनं माझ्यासाठी वेगळा मसाला कुटला, घरीच, खलबत्त्यात. गिरणीवर नेला तर तिथे तीळ लागतो, हे तिला मी कधी सांगितलं होतं ते मलाच आठवत नव्हतं. बैठकीत ती माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नव्हती. तिच्या उजव्या हाताला मात्र फोड आला होता.

मी बदलले ती इतकीच की आता हळू आवाजात विचारणं बंद केलं. आधी मी कानाशी लागून विचारायचे, लाजत, जसं काही माझंच काही चुकलं आहे. आता तिकीट मागते त्या आवाजात विचारायला लागले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया म्हणायच्या, खाऊ नको पण हातात तरी घे, नाही म्हणू नये. मी हातातही घेत नसे. एकीनं विचारलं, आमच्या हातचं चालत नाही का. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की तुझ्या हातचं सगळं चालतं, तीळ तेवढा चालत नाही, आणि तो देवानं जरी दिला तरी चालत नाही. काही जणी हसल्या. काहींनी पुढच्या वर्षी बोलावलं नाही. पण त्यांच्यातलीच एक बाई पुसदच्या गाडीत माझ्या सीटपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली की तिच्या पोरीला शेंगदाणे खाल्ले की असंच होतं, आणि घरी सगळे नखरे म्हणतात. मी तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. गाडी उभी करून सांगितलं असतं तरी चाललं असतं, इतकं ते मला महत्त्वाचं वाटलं.

त्याच वर्षी माझ्या गाडीच्या ड्रायव्हरनं नवं घर बांधलं. त्याची माझी ड्युटी बरीच वर्षं सोबत होती. बौद्ध समाजातला माणूस, कामाला चोख, बोलायला कमी. त्यानं वंदनेला आणि जेवायला डेपोतल्या सगळ्यांना बोलावलं. आले थोडे. आलेल्यांपैकी एकानं आज उपास आहे सांगितलं, दुसऱ्यानं पोट बिघडल्याचं, तिसऱ्यानं चहाचा कप तोंडाला लावून तसाच ठेवला. ते उपास कसले असतात हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. ड्रायव्हरभाऊ हसतमुखानं सगळ्यांना बरं, बरं म्हणत होता.

माझ्यासमोर ताट आलं. पुरी, वरण-भात, खीर आणि वांग्याची भाजी. भाजीवरचा तवंग बघूनच मला कळलं की मसाल्यात तीळ असणार. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विचारायला भीती वाटली. मरायची नाही. मी आता जे बोलणार ते ह्या घराला नेमकं कसं ऐकू जाईल, त्याची. न विचारता खायचं नाही हे तर ठरलेलंच होतं. मी ताट तसंच उचललं आणि सगळ्यांच्या देखत सैपाकघरात गेले.

ड्रायव्हरभाऊची बायको, वहिनी, चुलीशी पुऱ्या तळत होत्या. माझ्या हातातलं भरलेलं ताट बघून त्यांचा चेहरा मिटला. “तुमचा बी उपास हाये का?” त्यांनी विचारलं.

“नाही वहिनी. मले भूक लागली हाये,” मी म्हणाले. “पण ह्या भाजीत तीळ असन तर मी खाल्ल्यावर मरन. खरंच मरन. एकदा मरता मरता राह्यली.” आणि मी खाली बसून त्यांना सगळं सांगितलं, अगदी रोडग्यांच्या जेवणासकट.

त्यांनी झारा बाजूला ठेवला आणि नीट ऐकलं. मग एकेक भांडं दाखवत सांगायला लागल्या. भाजीत तीळ आहे. वरणात नाही, पण भाजीतला डाव वरणात गेला होता, म्हणून वरणही नको. पुरीच्या तेलात सकाळी तिळाच्या पुऱ्या काढल्या, तेही नको. भात निव्वळ आहे, पण वरचा नको, खालचा काढून देते. दूध अजून तापवायचं आहे, त्यात कुठलाच डाव गेलेला नाही. असं मला माझ्या नात्यातल्या एकाही घरात कुणी सांगितलं नव्हतं. डाव कुठून कुठे गेला हे आठवून सांगणारी माझ्या मायनंतरची ती पहिली बाई.

मग त्यांनी तवा घासून घेतला, हात साबणानं धुतले, ज्वारीचं पीठ मळलं आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला. मी तिथेच चुलीसमोर बसून गरम भाकरी खाल्ली. ठेच्यानं नाकातून पाणी आलं, तरी आणखी मागितला. त्या वाढत म्हणाल्या, “आमच्या घरी येऊन उपास धरणारे लय पाह्यले ताई. खरं कारण सांगणारे तुम्हीच.” बाहेर गेले तेव्हा ड्रायव्हरभाऊनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, जेवल्या का. मी सांगितलं, पोट फुटेपर्यंत.

ही गोष्ट ढाणकीला पोचायला वेळ लागला नाही. नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा सासऱ्यांनी मला बजावलं की तिथे काही तमाशा नको, आत्या येणार आहेत. मी घरून माझा डबा भरून नेला. भाकरी, मुगाची भाजी, सासूच्या मसाल्यातलं बेसन. बाया म्हणाल्या, खोलीत बसून खाऊन घे, बरं दिसत नाही. मी पंगतीत मधोमध बसले आणि पत्रावळीवर डबा उघडला. आजूबाजूला माना वळल्या. मी जेवायला लागले.

आतेसासू वाढायला आली होती. बुंदीची परात घेऊन ती माझ्यासमोर थांबली. मी हात आडवा धरला. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “त्या ड्रायव्हरच्या घरचं चालते. आपल्या घरच्यातच तीळ निंगते काहून?”

ह्या बोलण्यात तिळाखाली दुसरंच काय आहे ते सगळ्यांना कळलं होतं.

मी घास गिळला आणि म्हणाले, “त्यांनी खरं सांगितलं, आत्याजी. म्हणून चाललं.”

ती तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता परात खाली ठेवून निघून जाईल. तेवढ्यात माझ्या शेजारच्या पानावर बसलेला माझा नवरा बोलला. बैठकीच्या दिवशी न बोललेला माणूस, इतक्या दिवसांनी. तो फार काही बोलला नाही. “आत्या, तिचं बरोबर हाये,” एवढंच म्हणाला आणि बुंदीसाठी स्वतःचं पान पुढे केलं. तिनं त्याला वाढलं आणि पुढच्या पानावर गेली. रात्री त्याला मी विचारलं की हे तेव्हा का नाही बोललास. तो म्हणाला, तेव्हा हिंमत झाली नाही. मला राग आला आणि बरंही वाटलं. दोन्ही मी त्याला सांगितलं.

आतेसासूनं माझी माफी कधी मागितली नाही आणि मी पाया पडले नाही. नात्यातल्या लोकांनी आमची दिलजमाई करायचे बरेच प्रयत्न केले, ते आम्ही दोघींनीही होऊ दिले नाहीत. त्या बाबतीत ती माझ्यासारखीच आहे.

मात्र हल्ली एक झालं आहे. ती दिग्रसला आली की सैपाकघरात असते, मी ड्युटीवरून येते आणि चुलीवर जे असेल त्याकडे बघून विचारते, ह्यात तीळ आहे का. ती मागे वळून न बघता म्हणते, “हाये.” भाजी असो, आमटी असो, शिरा असो, उत्तर तेच. मागच्या वेळी गंजात नुसतं पाणी उकळत होतं. मी मुद्दाम विचारलं. तेव्हाही ती म्हणाली, “हाये.” सासू तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

मी माझा डबा घेऊन तिथेच खाली बसते. ती तिचं ताट घेऊन जरा लांब बसते. बोलत नाही. मी माझं जेवते, ती तिचं जेवते, आणि दोघींनाही आपापल्या जेवणात काय आहे ते पक्कं ठाऊक असतं.